चादरीचं दुसरं टोक

नॉरशॉपिंग, ३ फेब्रुवारी

प्रिय एवर्ट,

तुझं नाताळचं कार्ड कधीच मिळालं, उत्तराला महिना लावला, रागावू नकोस. अडतीस वर्षं दारोदार पत्रं वाटलेल्या भावाला ईमेल चालत नाही, म्हणून मला पेन शोधावं लागतं, आणि माझ्या घरात पेन सापडणं म्हणजे एक कामच असतं. पण आज सापडलं, कारण आज मला भांडण सांगायचंय.

आमच्या सोसायटीचा नवा अध्यक्ष येस्पर. वय एकोणचाळीस, बोलणं लोण्यासारखं, जिन्यात भेटला की माझी पिशवी उचलणारच. त्याने नोव्हेंबरात सगळ्यांच्या दारातून एक पत्रक टाकलं. तळघरातली धुण्याची खोली बंद करायची, तिथे लोकांना लॅपटॉप घेऊन बसता येईल असं ऑफिस करायचं, आणि ज्याने त्याने आपापल्या न्हाणीघरात मशीन बसवायचं. खोलीबरोबर मँगलही जाणार. आपल्या आईकडे होता तसाच आहे, जाडजूड लाकडी रुळांचा, चादरी त्यात घालून दाबायच्या. माझ्या न्हाणीघरात मशीन बसवलं तर मला बाहेर उभं राहून तोंड धुवावं लागेल.

मी ३१ जानेवारीला, मुदतीच्या अगदी शेवटच्या दिवशी, ठराव दिला: धुण्याची खोली आहे तशी राहावी. ८ एप्रिलला वार्षिक सभा आहे. मला आठ मिनिटं मिळालीत. आमची सभा कशी असते तुला सांगायला नको. अध्यक्ष विचारतो, "सभेला हे मान्य आहे का?" सगळे आपापल्या बुटांकडे बघत "हो" पुटपुटतात. "कुणाचा विरोध?" म्हटलं की फक्त पंख्याची घरघर ऐकू येते. मग हातोडा पडतो, ठक्क, आणि झालं. इथे राहायला आल्यापासूनच्या एकोणीस वर्षांत मी त्या खोलीत "नाही" हा शब्द ऐकलेला नाही. तेव्हा जे काही पटवायचं ते हातोडा पडायच्या आत.

येस्पर म्हणाला, "स्लाइड करून आण ना, सोल्वेइग. एआय मदतनीस असतो, त्याला नुसतं सांगायचं. दहा मिनिटांत होतं." मी चौतीस वर्षं गणित शिकवलं, पारदर्शक कागदावर हाताने आकृत्या काढून. दहा मिनिटांत काहीही होत नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण सगळे चकचकीत स्लाइड दाखवणार आणि मी एकटी कागदाचं चिटोरं घेऊन उभी, हे मला नको होतं. "बिचारी म्हातारी" असं कुणाच्या डोळ्यांत दिसलं की माझं डोकं फिरतं.

तर काल बसले. त्याला सांगितलं, लिही: "१९५४ पासून अठ्ठेचाळीस घरं इथे धुणं धुतात." त्याने लिहिलं: "स्वच्छतेचा प्रवास: आपल्या समुदायाचं धडधडतं हृदय." शेजारी एक बाई पांढरा टॉवेल गालाला लावून हसतेय, मागे मोठी खिडकी, बाहेर ऊन. आमच्या तळघराला खिडकीच नाही रे!

तुझी,
सोल्वेइग


ओसेले, १० फेब्रुवारी

सोल्वेइग,

तुझं पत्र चार दिवसांत आलं. आता इथे टपाल एक दिवसाआड येतं, तेव्हा चार दिवस म्हणजे वाऱ्याच्या वेगानेच. बर्फ खिडकीच्या चौकटीपर्यंत आहे. बाकी ठीक.

टॉवेल गालाला लावून हसणारी बाई मला आवडली. तिचा पत्ता असेल तर कळव.

चेष्टा सोड. तुला तोंड आहे. वर्गातली तीस पोरं तू नुसत्या भुवईने गप्प करायचीस, आणि आता आठ मिनिटं बोलायला तुला मशीन लागतं? उभी राहा आणि सांग. मी पत्रं वाटायचो तेव्हा कुणाच्या दारात वाईट बातमी घेऊन गेलो तर त्यावर फुलांचं चित्र काढून नाही दिलं.

दुसरं म्हणजे न्हाणीघराचं कारण मला पटलेलं नाही. तुझं न्हाणीघर मी पाहिलंय. त्यात मशीन मावतं, फक्त तुझी ती भलीमोठी टोपली बाहेर काढावी लागेल. कुठेतरी पाणी मुरतंय. ही खोली तुला एवढी का हवीय?

चादरींचं म्हणशील तर माझी पद्धत ऐक. माझी अनिता गेल्यापासून मी चादरीचं एक टोक स्वयंपाकघराच्या दाराच्या मुठीला बांधतो, दुसरं धरून मागे झुकतो, आणि घडी अशी सरळ येते की बघत राहावं. दाराची मूठ वेळेवर हजर असते आणि राजकारणावर बोलत नाही.

एवर्ट


नॉरशॉपिंग, २४ फेब्रुवारी

प्रिय एवर्ट,

दाराची मूठ! वाचून मोठ्याने हसले. तू म्हणजे कमाल आहेस.

हसणं तेवढंच. बाकी तीन आठवडे मी दातओठ खात काढलेत. मी त्याला सांगितलं, तिसऱ्या स्लाइडवर मँगलचं चित्र हवं. त्याने इटालियन लोक शेवया पाडतात ते यंत्र काढलं. मी म्हटलं, हे नाही, मोठा असतो, जमिनीवर उभा. त्याने तेच यंत्र जमिनीवर उभं केलं. मी म्हटलं, लाकडी रूळ, चादरी दाबायला. तो म्हणतो, "तुझं अगदी बरोबर आहे, सोल्वेइग! आता दुरुस्त केलं आहे." बघते तर शेवयांच्या यंत्रातून चादर बाहेर येतेय. शेवटी खाली जाऊन स्वतः फोटो काढला आणि त्याला दिला, तर त्याने फोटोतल्या भिंतीवरचा ओलाव्याचा डाग पुसून टाकला आणि तिथे कुंडी ठेवली.

एक सुधारायला जावं तर दुसरं बिघडतं. पाचव्या स्लाइडवरचा एक शब्द बदल म्हटलं तर सातवीवरची दोन वाक्यं गायब. का? "सुटसुटीत केली." तुला कुणी सांगितलं होतं? "तुझं अगदी बरोबर आहे, सोल्वेइग!" माझ्या वर्गात असा एक मुलगा होता. प्रत्येक गोष्टीला "हो बाई" म्हणायचा आणि वही कोरी असायची. त्याला मी निदान बाहेर तरी उभं करू शकत होते.

आणि आता आकडा. मी सहा आठवडे खाली जाऊन रोज टिपण ठेवलं. इथे पाळी राखायला पाटीवर त्या वेळेसमोर आपलं छोटं कुलूप अडकवतात; कुणाचं कुलूप कोणत्या वेळेला लावलंय ते बघायचं, लिहायचं. खोली सकाळी सात ते रात्री नऊ उघडी असते. त्यातला त्रेपन्न टक्के वेळ ती वापरात होती. छान आकडा आहे, म्हटलं एक स्लाइड त्याची. मदतनीसाने लिहिलं: "खोली केवळ एकतीस टक्के वेळ वापरली जाते." मी तासभर डोकं फोडलं. मग कळलं की त्याने दिवसाच्या चोवीस तासांनी भागलंय. म्हणजे पहाटे तीन वाजता आम्ही धुणं धूत नाही म्हणून आम्ही आळशी! आणि वर ही स्लाइड त्याने "आव्हानं" या मथळ्याखाली घातली. मी त्याला येस्परचं पत्रक वाचायला दिलं होतं, कशाला उत्तर द्यायचंय ते कळावं म्हणून. तर याने दोन्ही बाजू मांडल्या. म्हणतो, समतोल हवा. अरे, मी तुला वकील म्हणून घेतलंय की पंच म्हणून?

तू विचारलंस ना, का हवीय खोली. सांगते, पण ही गोष्ट तुझ्यामाझ्यात. गुरुवारी दहा ते एक माझी धुण्याची पाळी असते. तिसऱ्या मजल्यावरच्या योर्डिसची त्यानंतर. ती त्र्याऐंशी वर्षांची आहे, डोळे अधू झालेत. ती पाऊण तास आधीच खाली येते, कारण मँगलमध्ये घालण्याआधी चादर दोघींनी दोन टोकांना धरून ताणावी लागते. एकटीने होत नाही. पूर्वी माझं दुसरं टोक माझा लेनार्ट धरायचा. तो गेल्यापासून योर्डिस धरते आणि तिचं मी. तिच्या घरात मी कधी गेलेली नाही, ती माझ्या घरात आलेली नाही. मैत्रीण वगैरे नाही म्हणायची. पण आठवड्याभरात मी कुणाशी पाऊण तास बोलत असेन तर तिथेच.

हे मी स्लाइडवर घालणार नाही. तिथे रडगाणं गायला मी जात नाहीये.

तुझी,
सोल्वेइग


ओसेले, ५ मार्च

सोल्वेइग,

काल सणाचा सेमला बन खाल्ला, दुकानातला. क्रीम होतं, बदाम कुठे दिसले नाहीत. अनिता असती तर परत करायला गेली असती.

तुझ्या पत्रातली तीन पानं मशीनची आहेत आणि अर्धं पान योर्डिसचं. मला अर्धं पान पुरलं. तेच सांग सभेत. टक्के कुणाच्या लक्षात राहत नाहीत. "चादर ताणायला दोन माणसं लागतात" एवढं एक वाक्य पांढऱ्या स्लाइडवर लिही आणि खाली बस. सात मिनिटं परत कर त्यांना.

याला रडगाणं म्हणत नाहीत. पण तू आपल्या आईची मुलगी आहेस. ती पाय मोडला तेव्हासुद्धा डॉक्टरला म्हणाली होती, "जरा गैरसोय होतेय."

एवर्ट


नॉरशॉपिंग, २६ मार्च

प्रिय एवर्ट,

तुझ्यावर आठ दिवस रागावले होते. मग तुझंच ऐकलं. तू हसणार, हस.

मी त्या मदतनीसाला सांगितलं: नवी स्लाइड, पांढरी, त्यावर एकच वाक्य, "चादर ताणायला दोन माणसं लागतात." बाकी काही नको. चित्र नको. रंग नको. त्याने काय केलं असेल? मथळा: "सहकार्यातून सक्षम समाज!" खाली दोन हात एकमेकांना मिळवलेले, सूट घातलेले. सूट, एवर्ट! कुणी सूट घालून धुणं धुतं का?

मी लिहिलं, मी दिलेलं वाक्य जसंच्या तसं हवं. "तुझं अगदी बरोबर आहे!" मग वाक्य आलं, पण खाली तीन मुद्दे जोडलेले: विश्वास, संवाद, शाश्वतता. मुद्दे काढ म्हटलं तर मुद्दे गेले आणि वाक्यातली "चादर" गेली. उरलं काय, तर "ताणायला दोन माणसं लागतात." हे वाचून लोकांना वाटेल मी येस्परशी भांडायला आलेय. तसं वाटलं तरी चूक नाही म्हणा. पालथ्या घड्यावर पाणी. सात वेळा सांगितलं. सातव्यांदा जमलं. वाक्य आता जागेवर आहे आणि मी त्याला हात लावायलाही घाबरते.

आणि ती शेवटची स्लाइड! तिच्याबद्दल सांगितलं का तुला? हा मदतनीस दर वेळी शेवटी "निर्णय आणि पुढचं पाऊल" अशी एक स्लाइड चिकटवतो. मजकूर येस्परच्या पत्रकातून उचललेला. मी ती पुसते. चौथीवर स्वल्पविराम घालायला सांगितला की ये रे माझ्या मागल्या, ती परत हजर. विचारलं तर म्हणतो, चांगल्या सादरीकरणाच्या शेवटी ठोस निर्णय असावा. अरे, निर्णय सभेने घ्यायचाय! मी आतापर्यंत ती पंधरा वेळा तरी पुसली असेल.

गुरुवारी योर्डिसला म्हटलं, मी आपल्या खोलीसाठी बोलणार आहे. चादर ताणता ताणता ती म्हणाली, "बरं." थोड्या वेळाने म्हणाली, "ही बंद झाली तर माझं धुणं पालिकेची माणसं पिशवीत भरून नेतील म्हणे. ओल्या कपड्यांचा वास असलेली पिशवी परत आणतील." तिच्याकडचं टोक जरा जास्तच घट्ट धरलं होतं तिने.

आता मला हरायचं नाहीये, एवर्ट. तुला म्हणून सांगते.

तुझी,
सोल्वेइग


ओसेले, २ एप्रिल

सोल्वेइग,

घाईत लिहितोय, टपालगाडी यायची वेळ झाली. उजवा हात जरा दुखतोय, अक्षर समजून घे.

एकच सांगतो. पाकीट एकदा चिकटवलं की पुन्हा उघडायचं नाही. अडतीस वर्षांत जेवढे घोटाळे पाहिले ते पुन्हा उघडलेल्या पाकिटांतले. स्लाइड झाल्यात ना? मग आता त्या मशीनला शिवू नकोस. स्वल्पविराम गेला खड्ड्यात.

मंगळवारी संध्याकाळी सात वाजता मी इथे कॉफी ठेवीन आणि तुझ्या बाजूने बसेन.

एवर्ट


नॉरशॉपिंग, ९ एप्रिल

प्रिय एवर्ट,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. मी ते वाचलं. दोनदा वाचलं. तरीही काल दुपारी मी पाकीट उघडलं.

सकाळी सगळं नीट होतं. अकरा स्लाइड, एकेक तपासली, शेवटची हाताने पुसली. दुपारी जिन्यात योर्डिस भेटली. म्हणाली, "मी पहिल्या रांगेत बसेन, पण मला दिसेल की नाही कोण जाणे." मला राहवलं नाही. वर येऊन मदतनीसाला एवढंच सांगितलं: सगळी अक्षरं मोठी कर. दुसरं काही बदलू नकोस. त्याने केली. मी पहिल्या पाच-सहा पाहिल्या, छान मोठी दिसत होती. तेवढ्यात ओव्हनमधले वेलदोड्याचे बन करपायला लागले, कारण सभेचे बन यंदा माझ्याकडे होते. मी उठले. पुढच्या पाहिल्या नाहीत.

सभा सुरू झाली. हजेरी झाली. इतिवृत्त तपासून सही करायला दोन माणसं निवडायची असतात, त्यात दरवर्षीप्रमाणे योर्डिस, कारण ती पुढे बसते आणि नको म्हणत नाही. हो, ठक्क. मग मी. आणि एवर्ट, माझं चांगलं चाललं होतं! त्रेपन्न टक्के म्हटल्यावर तळमजल्यावरच्या दाढीवाल्याने मान हलवली. तुझं वाक्य आलं तेव्हा मी ते नुसतं पडद्यावर राहू दिलं. खोलीत कुणी बन चावत होतं तेही थांबलं. योर्डिस मान वर करून वाचत होती, ओठ हलत होते तिचे. मला वाटलं, जिंकलो.

मी संपवायला बटण दाबलं. आणि ती आली. बारावी. सगळ्यांत मोठ्या अक्षरांत, योर्डिसलाही दिसतील एवढ्या: "निर्णय: धुण्याच्या खोलीचा नवा वापर ठरवून मंडळाने काम सुरू करावं."

मी मागच्या स्लाइडचं बटण शोधू लागले. येस्परने ते वाचलं, आश्चर्याने माझ्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. त्याच्या मनात काही कपट नव्हतं, ते मी पाहिलं. म्हणाला, "अरे वा, सोल्वेइग, म्हणजे आपण एकाच बाजूला आहोत की! मग सोपंच झालं. पडद्यावर आहे त्याप्रमाणे सभेला मान्य आहे का?"

सगळे बुटांकडे बघत म्हणाले, "हो."

आणि मीही म्हणाले.

का म्हणाले ते मला विचारू नकोस. पन्नास वर्षं सगळ्यांबरोबर "हो" म्हणत आलेय, तोंडातून आपोआप पडलं. "कुणाचा विरोध?" पंखा घरघरला. ठक्क. हातोडा पडल्यावर बोलणं म्हणजे चर्चमध्ये शिट्टी वाजवणं. लोक कॉफीकडे वळले. एकाने येऊन माझे बन चांगले झालेत म्हणून सांगितलं.

योर्डिसकडे मी पाहिलंच नाही. कोट घेऊन वर आले. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

सोल्वेइग


ओसेले, १७ एप्रिल

सोल्वेइग,

तुझं पत्र वाचून मी उभ्याउभ्या ओरडलो. तू "हो" म्हणालीस? तू? स्वतःच्या विरुद्ध? मग बसलो आणि हसलो. मग हसणं थांबलं. माफ कर.

तुला सांगू का, मीही म्हणालो असतो. पोस्टात आमच्या फेऱ्या कमी केल्या त्या बैठकीत मी पहिल्या रांगेत होतो. "मान्य आहे का?" "हो." माझा आवाज सगळ्यांत मोठा होता.

आता मी लपवलेलं सांगतो. हात दुखतोय असं लिहिलं होतं ना? मार्चच्या शेवटी चादर घडी करताना दाराची मूठ निघून माझ्या हातात आली. म्हणजे चादरीत आली. मी मागे झुकलो होतो, तसाच मागे गेलो, आणि स्वयंपाकघराच्या फरशीवर चादर पांघरून दुपार काढली. उठता येईना. शेवटी खुर्ची ओढून उठलो. मोडलं काही नाही, फक्त मूठ. मनगट सुजलं होतं, आता उतरलंय. तुला सांगितलं नाही कारण तू सभेच्या कामात होतीस. आणि कारण मीही आईचाच मुलगा आहे.

त्या दुपारी फरशीवरून छताकडे बघत मी "चादर ताणायला दोन माणसं लागतात" या वाक्याचा विचार करत होतो. ते मी तुला फार शहाणपणाने लिहून पाठवलं होतं.

योर्डिसला भेट. तिच्यापासून तोंड लपवू नकोस.

एवर्ट


नॉरशॉपिंग, १३ मे

प्रिय एवर्ट,

फोन करावा असं चार वेळा मनात आलं, पण तू उचलून "कोण?" म्हणून ओरडतोस आणि मग बोलायचं राहून जातं. मनगट कसंय? डॉक्टरला दाखव. "जरा गैरसोय होतेय" असं म्हणालास तर मी स्वतः ओसेलेला येईन.

योर्डिसला मी गाठायच्या आधी तिनेच मला गाठलं. रविवारी सकाळी दाराची घंटा वाजली. ती उभी, हातात कागद. दारात बूट काढले आणि मोज्यांवर आत आली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. कुठे बसावं ते कळेना तिला, मलाही कळेना कुठे बसवावं. शेवटी स्वयंपाकघरात बसलो.

मी म्हटलं, "योर्डिस, मला माफ कर."

ती म्हणाली, "तू 'हो' का म्हणालीस?"

"सगळे म्हणाले म्हणून."

"मीही म्हणाले," ती म्हणाली. "माझ्याच धुण्याविरुद्ध." आणि आम्ही दोघी हसायला लागलो ते थांबेचना. मग माझे डोळे भरून आले. तिला दिसलं नसेल, पण तिने कागद बाजूला ठेवला.

कागद म्हणजे सभेचं इतिवृत्त. तिची सही हवी होती. तिने येस्परला कळवलं होतं की अक्षरं बारीक आहेत, वाचता येत नाहीत, आणि न वाचता ती सही करत नाही. आता मजा बघ. इतिवृत्त येस्परने त्याच मदतनीसाकडून लिहून घेतलं होतं. त्याने मदतनीसाला सांगितलं, अक्षरं मोठी कर. आता पुढचं तुला सांगायला हवं का? दुसऱ्या प्रतीत अक्षरं मोठी होती, पण "उत्साही चर्चेनंतर" असं वाक्य वाढलं होतं. चर्चा कुठली? माझ्याशिवाय कुणी बोललं नव्हतं. योर्डिसने परत पाठवली. तिसऱ्या प्रतीत चर्चा गेली, पण "सोल्वेइग यांनी नव्या वापराची कल्पना आत्मीयतेने मांडली" असं आलं. भिंग घेऊन ती एकेक ओळ लावत बसली होती, पण दमली, म्हणून माझ्याकडे आली. मी तिन्ही प्रती मोठ्याने वाचल्या. ती डोळे मिटून ऐकत होती.

मग म्हणाली, "लिही." मी लिहिलं, तिने सांगितलं तसं, शब्दाला शब्द. मी मध्येच एक वाक्य नीट करायला गेले तर म्हणाली, "सुधारू नकोस." एवर्ट, मी जीभ चावली.

पत्र असं होतं: "ही तीन इतिवृत्तं तीन वेगवेगळ्या सभांची आहेत. मी एकाच सभेला होते. त्या सभेत सोल्वेइग हिने निर्णयाचा प्रस्ताव तोंडाने मांडला नाही. तो पडद्यावर होता. पडदा सभासद नाही. मी सही करणार नाही. योर्डिस, तिसरा मजला."

येस्पर दुसऱ्या दिवशी दोघींना भेटायला आला. कानापर्यंत लाल झाला होता. दोन्ही हातांनी टोपी धरून म्हणाला, "माझं चुकलं. मी तुला विचारायला हवं होतं, पडद्याला नाही." वाईट मुलगा नाही तो. सही नसलेला निर्णय तो अमलात आणणार नाही. विषय ऑक्टोबरच्या सभेत पुन्हा येईल.

म्हणजे जिंकलो नाही आपण. ऑक्टोबरपर्यंत वेळ मिळाला एवढंच. येस्पर अजून म्हणतो ऑफिस चांगलं होईल, आणि सोसायटीतल्या अर्ध्या तरुण मंडळींना ते हवंय. कदाचित तेच होईल. पण या वेळी मी स्लाइड नेणार नाही. मी आणि योर्डिस एक चादर घेऊन जाणार, तिची मोठी, पाहुण्यांची. एक टोक ती धरेल, दुसरं टोक मी येस्परच्या हातात देणार. ताण म्हणणार. मग बोलणार. आणि हातोडा पडायच्या आधी मी "नाही" म्हणणार आहे. मोठ्याने. योर्डिसबरोबर खाली सराव चालू आहे. पहिल्यांदा मला म्हणता येईना, ती म्हणाली, पुन्हा.

आता तुझं. २२ मे हा गुरुवार आहे. तुझ्या सगळ्या चादरी पिशवीत भर आणि ये. रात्रीची गाडी सकाळी पोचते, मी स्टेशनवर असेन. मनगट दुखत असेल तर पिशवी डाव्या हातात धर. पाळी दहा ते एक, माझं कुलूप मी पाटीवर लावून ठेवलंय. नवी मूठ आणली असशील तर दाराला लाव, चादरीला नको. तुझं दुसरं टोक धरायला इथे दोघी आहोत.

आणि वेळेवर ये. अर्धा तास उशीर झाला तर पाळी जाते, आणि नियमाप्रमाणे ती योर्डिसला मिळते. ती सोडणार नाही.

तुझी,
सोल्वेइग